तिचा माइक बंद का असतो?

मोबाइल गेममध्ये एखाद्या मुलीची रँक चांगली दिसली की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. आयडी दादाचा आहे का? रँक कोणी पुश करून, म्हणजे वर चढवून दिली? बॉयफ्रेंड कॅरी करतो ना, म्हणजे तोच जिंकवून देतो ना? हेच प्रश्न मुलाला कोणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्याची रँक त्याचीच, असं सगळे धरूनच चालतात.

हा संशय कुठवर जाऊ शकतो ते २०१६ साली दक्षिण कोरियात दिसलं. किम से-यॉन तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती आणि ‘गेगुरी’ या नावाने ‘ओव्हरवॉच’ हा संघाने खेळायचा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळायची. झार्या हे पात्र घेतलं की तिचा नेम इतका अचूक लागे, की प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूंनी उघड आरोप केला: ही नेम धरून देणारं सॉफ्टवेअर वापरते. आरोप खोटा निघाला तर आम्ही खेळ सोडू, इथपर्यंत त्यांची खात्री होती. गेम बनवणाऱ्या कंपनीने तिच्या बाजूने निर्वाळा दिला. एवढ्यावरही भागलं नाही. तिला स्टुडिओत बसून, हातांवर आणि माउसवर कॅमेरा लावून, थेट प्रक्षेपणात खेळून दाखवावं लागलं. नेम जसाच्या तसा होता. आरोप करणाऱ्यांना पाय मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये ‘शांघाय ड्रॅगन्स’ संघाकडून ओव्हरवॉच लीग या व्यावसायिक स्पर्धेत उतरणारी ती पहिली स्त्री ठरली.

ही गोष्ट ऐकून लोक शेवटावर खूश होतात. माझं मन त्या स्टुडिओतच अडकतं. चांगलं खेळण्याची शिक्षा म्हणून परीक्षा द्यावी लागली ती तिला, आणि निदान तिला परीक्षा देण्याची सोय तरी मिळाली. इचलकरंजीतल्या किंवा पेणमधल्या मुलीसाठी कोण कॅमेरे लावणार? मग ती स्वतःपुरता मार्ग काढते. आपण मुलगी आहोत हे कळूच द्यायचं नाही. नाव मुलाचं किंवा काहीच बोध न होणारं, प्रोफाइलला कवटीचं चित्र, आणि माइक बंद.

मला या बंद माइकबद्दल बोलायचं आहे. मुलींना गेम आवडतात का, जमतात का, हे वाद शिळे झाले. त्या खेळतायत. पण त्यातल्या कितीतरी जणी तोंड मिटून खेळतायत, आणि चार जणांनी मिळून खेळायच्या खेळात तोंड मिटून खेळणारा कितीही चांगला असला तरी एका मर्यादेपुढे जात नाही. ‘मुली प्रो लेव्हलला दिसत नाहीत’ या तक्रारीचं मोठं उत्तर मला इथे दिसतं.

थोडं मागे जाऊ. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पत्र्याची शेड, आत काही मशिनं, रुपयाला एक डाव. मुलं शाळा बुडवून तिथे ‘मुस्तफा’ खेळायची. (त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना आजही माहीत नसेल.) मुली आत जात नसत. तशी पाटी कोणी लावलेली नव्हती, पण दारातल्या टोळक्याकडे एकदा पाहिलं की पाटीची गरज उरत नसे. त्याच वर्षांत उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्तातले व्हिडिओ गेम यायला लागले. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं धडधडीत खोटं छापलेलं, आणि चालली नाही की फुंकर मारून परत घालायची. त्यावर ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळायला मुली भावंडांशी भांडत. माझी मामेबहीण ‘काँट्रा’त आमच्या सगळ्या दादालोकांना पाणी पाजायची. तिला त्या पार्लरमध्ये कधी कोणी नेलं नाही.

मुलगी तीच, अंगठे तेच. घरात खेळत होती आणि पार्लरच्या अलीकडे थांबत होती. ‘मुलींना मुळात आवडच नसते’ म्हणणाऱ्यांनी या दोन जागांमधला फरक काय होता ते सांगावं.

पुढे स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा आला, पार्लरं उठली आणि गेम पुन्हा घरात आला. पबजी २०२० मध्ये बंद झाला, २०२१ मध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) नावाने परतला, मधे पुन्हा गायब होऊन २०२३ मध्ये पुन्हा आला. या सगळ्या येरझाऱ्यांत मुली खेळत राहिल्या. अर्थात घरातला चांगला फोन कोणाच्या हातात असतो आणि जुना, बॅटरी फुगलेला कोणाकडे येतो, हा प्रश्न आहेच. मुलगा तीन तास खेळला तर तो ‘ऐकतच नाही’, मुलगी तासभर खेळली तर ती ‘रिकामटेकडी’, हेही आहेच. तरी उंबरठा बराच खाली आला. पार्लरचं दार मात्र गेलं नाही, ते माइकच्या बटणापाशी येऊन बसलं.

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिचा खेळायला बसायचा थाट बघण्यासारखा असतो. पाठ भिंतीला, फोन आडवा, त्याच्या पाठीला कूलिंग फॅन चिकटवलेला, मांडीशी टाल्कम पावडरचा डबा. घामाने बोट स्क्रीनवर अडखळू नये म्हणून आधी अंगठ्यांना पावडर लावायची. खेळते चार बोटांनी. एका रात्री तिने मला ऐकवायचं म्हणून इअरफोन काढून आवाज स्पीकरवर टाकला. स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या संघात, बाकी तिघे रँडम, म्हणजे अनोळखी. सुरुवातीला सगळं सुरळीत. ‘भाई, राइट में बिल्डिंग.’ ‘भाई, सिक्स एक्स पडा है क्या?’ (सिक्स एक्स म्हणजे बंदुकीची दुर्बीण.) यातली ‘भाई’ म्हणजे ही. मग तिने माइक चालू केला आणि एवढंच म्हणाली, ‘दो सौ दस पे एक बंदा है.’

पलीकडे क्षणभर सामसूम. मग, ‘अबे, लडकी है क्या?’ एकाला तिचा नंबर हवा होता, दुसऱ्याला इन्स्टाचा आयडी. तिसरा सज्जन निघाला: ‘दीदी, आप पीछे रहो, हम संभालते हैं.’ होकायंत्राच्या दोनशे दहा अंशांवर उभ्या असलेल्या बंद्याकडे, म्हणजे शत्रूकडे, मात्र कोणीच पाहिलं नाही, आणि त्याने दोघांना सावकाश नॉक केलं, म्हणजे जायबंदी करून पाडलं. ‘इसीलिए लडकी के साथ नहीं खेलना चाहिए,’ असं नंबर मागणाराच जमिनीवर रांगत म्हणाला. भाचीने माइक बंद केला, वळसा घालून त्या बंद्याला टिपलं आणि दोघांना रिव्हाइव्ह करून पुन्हा उभं केलं.

‘मावशी, आज तर सभ्य होते,’ ती म्हणाली. ‘रोजच्या शिव्या तुला ऐकवताच येणार नाहीत.’

त्या तिघांपैकी मला जास्त त्रास दिला तो तिसऱ्याने. नंबर मागणाऱ्याला ब्लॉक करता येतं. ‘दीदी, पीछे रहो’ म्हणणाऱ्याचं काय करायचं? तो वाईट नाही, उलट घरी त्याचं कौतुकच होत असेल. पण तिने दिलेली माहिती त्यालाही ऐकू आली नाही. ऐकू आला तो फक्त मुलीचा आवाज.

हे एका भाचीवरून काढलेलं अनुमान नाही. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात जेफ्री कुझ्नेकॉफ आणि लिंडसी रोझ यांनी ‘हेलो ३’ या गेममध्ये एक सरळ प्रयोग केला. काही निरुपद्रवी वाक्यं, म्हणजे ‘छान नेम’, ‘हा नकाशा मला आवडतो’ अशी, एकदा पुरुषाच्या आणि एकदा बाईच्या आवाजात आधीच रेकॉर्ड केली आणि अनोळखी लोकांबरोबरच्या सामन्यांत ती वाजवली. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या किंवा गप्प राहण्याच्या तुलनेत तिप्पट वाईट शेरे मिळाले. ‘अहो, शिव्या सगळ्यांनाच पडतात, मुलींनी मनावर घेऊ नये’ असं सांगणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे. शिव्या सगळ्यांना पडतात हे खरंच. पण मुलाला तो हरल्यावर पडतात आणि मुलीला ‘हॅलो’ म्हटल्यावर.

त्याच सामन्यांची माहिती घेऊन मायकेल कासुमोविक आणि कुझ्नेकॉफ यांनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली: बाईवर घसरतात ते नेमके कोण? तर ज्यांचा खेळ सुमार होता ते. चांगलं खेळणारे पुरुष बाईच्या आवाजाशी बरे वागत होते. सुमार खेळाडू पुरुषाच्या आवाजासमोर नरम आणि बाईच्या आवाजासमोर गरम. माझ्या अनुभवाशी हे इतकं जुळतं की मला हसूच आलं. कचेरीतही साहेबासमोर मान खाली घालणारा माणूसच शिपायावर सगळ्यात जास्त ओरडतो.

राहता राहिला ‘मुलींना जमत नाही’ हा मुद्दा. ‘एव्हरक्वेस्ट २’ आणि एका चिनी ऑनलाइन गेमच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही मिळून दहा हजारांहून जास्त खेळाडूंचा हिशेब होता. खेळलेला वेळ लक्षात घेतल्यावर बायका पुरुषांच्याच वेगाने वरच्या पातळ्या गाठताना दिसल्या. टोरंटो विद्यापीठात तर २००७ मध्येच असं दिसलं होतं, की अवघे दहा तास ॲक्शन गेमचा सराव केल्यावर लक्ष आणि अवकाशाचं भान यांच्या चाचण्यांत स्त्री-पुरुषांमधली दरी बरीच कमी होते. म्हणजे प्रश्न सरावाचा आहे. आणि सराव कोणाबरोबर, यावर बरंच अवलंबून असतं.

इथे माइक किती महत्त्वाचा ते न खेळणाऱ्यांना चटकन लक्षात येत नाही. बीजीएमआय असो की ‘व्हॅलोरंट’ हा संघाने खेळायचा नेमबाजीचा गेम, अर्धा सामना बोलण्यावर चालतो. शत्रू कुठे, कोणाची गोळी संपली, आता रश करायचा, म्हणजे एकदम चाल करून जायचं, की थांबायचं. हे सगळं ठरवणाऱ्याला आयजीएल म्हणतात, म्हणजे सामना चालू असताना संघ हाकणारा. माइक बंद ठेवणारी मुलगी आयजीएल होऊ शकत नाही. तिची मतं कोणाला कळत नाहीत, तिच्या चुका कोणी दुरुस्त करत नाही, सामना संपल्यावर ‘तू मस्त खेळतोस, आमच्या स्क्वाडमध्ये ये’ असं कोणी म्हणत नाही. संघ असेच जमतात. रात्रीच्या लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, आवाजांची ओळख होते, मग डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गट, मग स्क्रिम, म्हणजे सरावाचे सामने, मग छोटी टुर्नामेंट. या साखळीची पहिली कडी म्हणजे तो माइक. ती तुटली की उरते एकटीची रँक, आणि तिच्यावर पुन्हा तोच प्रश्न: आयडी दादाचा आहे का?

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात गेमर्सना भेटायला बोलावलं. त्यात आपला मिथिलेश पाटणकर होता, नमन माथूर, तीर्थ मेहता होते. सातांत मुलगी एकच, नागपूरला लागून असलेल्या, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ती एकटी तिथे पोचली यावरून ‘बघा, जिद्द असली की जमतं’ असा निष्कर्ष काढणारे मला पटत नाहीत. जिद्दीची अट उरलेल्या सहांना इतकी कडक नव्हती.

आणखी एक खुबी आहे, ती मला लोकलच्या लेडीज डब्यात सुचली. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये उभ्याउभ्या एका हाताने ‘कँडी क्रश’ खेळणाऱ्या बायका पाहिल्यात? हजारांच्या पुढच्या लेव्हलवर असतात. किंवा ‘लुडो किंग’, जो नवी मुंबईतल्या एका कंपनीने बनवला आणि लॉकडाउनमध्ये अख्ख्या देशाने खेळला. त्यांना कोणी गेमर म्हणत नाही, त्या स्वतःही म्हणत नाहीत. ‘हे काय, टाइमपास.’ कंपन्यांना जाहिरातदारांपुढे ग्राहकसंख्या फुगवून दाखवायची असते तेव्हा या बायका हिशेबात असतात. ‘खरे गेमर’ कोण हे ठरवताना त्या गळतात. बायका जे खेळतात ते सोपं, की बायका खेळतात म्हणून ते सोपं ठरतं? ‘रिव्हर रेड’ हा १९८२ सालचा विमानं पाडण्याचा गेम, ज्यावर जगभरच्या मुलग्यांची एक पिढी पोसली गेली, तो कॅरॉल शॉ या बाईने लिहिला. ‘पॅक-मॅन’ बनवताना तोरू इवातानींच्या डोळ्यांसमोर आर्केडमध्ये न येणाऱ्या मुली होत्या. बायका या मैदानात पाहुण्या म्हणून आलेल्या नाहीत.

आवडीत काहीच फरक नसतो असा माझा दावा नाही. असेल. कोणाला कोडी आवडतील, कोणाला बंदुका. पण दार बंद ठेवून आवड मोजता येत नाही, इतकंच.

मोठ्या कंपन्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळं उघड आहे. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त एकत्र खेळताना स्त्रीपात्र का नाही, तर ॲनिमेशनचं काम वाढतं, असं २०१४ मध्ये सांगितलं गेलं. ‘फिफा’ मालिकेत बायकांचे संघ यायला २०१५ उजाडलं. ‘व्हॅलोरंट’ बनवणाऱ्या रायट कंपनीने स्वतःच्या महिला कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या दाव्यात २०२१ मध्ये दहा कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. ज्यांच्या कचेरीत बायकांचा आवाज ऐकला जात नव्हता, त्यांच्या लॉबीत तो ऐकला जावा ही अपेक्षा जरा भाबडीच.

त्याच रायटने त्याच वर्षी ‘गेम चेंजर्स’ ही महिलांची वेगळी स्पर्धामालिका सुरू केली, आणि इथे खरा वाद आहे. अनेकजण विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात: इथे ताकदीचा प्रश्न नाही, माउस सगळ्यांना सारखाच हलतो, मग वेगळ्या स्पर्धा कशाला? वेगळं काढलं की ‘यांना कमीच येतं’ यावर शिक्का बसतो.

याचं उत्तर आपल्याला बुद्धिबळात सापडतं. ‘नवाकाळ’च्या खाडिलकर घराण्यातली रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा ती किशोरवयीन होती. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. दार असं उघडलं गेलं. पण महिलांच्या वेगळ्या स्पर्धा बंद झाल्या नाहीत, आणि ते बरं झालं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवलं आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. तीच दिव्या त्याच्या आदल्या वर्षी नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर लिहीत होती, की प्रेक्षक माझा खेळ सोडून कपडे, केस, उच्चार यांच्यावर बोलतात. पटासमोर मुकाट बसायच्या खेळात ही गत. जिथे बोलल्याशिवाय खेळच होत नाही तिथे काय होत असेल?

म्हणून वेगळ्या स्पर्धा हव्यात. त्यांचं काम एकच: मुलींना माइक चालू ठेवून हजार तास खेळायला मिळावं. संघ बांधायला, भांडायला, चुकीचा कॉल देऊन सामना घालवायला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉल द्यायला. मात्र वरच्या खुल्या स्पर्धेत जाण्याची वाट तिथून निघायला हवी, नाहीतर ते पार्लरशेजारी बांधलेलं लेडीज पार्लर होईल. आणि सरावाशिवाय नुसतं वर नेऊन उभं करणं तर त्याहून वाईट. रशियातल्या ‘लीग ऑफ लेजंड्स’ या रायटच्याच गेमच्या लीगमध्ये २०१९ साली ‘व्हेविक्टिस’ने सगळ्या मुलींचा संघ उतरवला. मुलींचा आधीचा दर्जा इतरांपेक्षा बराच खालचा होता, तयारी नव्हती, गाजावाजा मात्र भरपूर. सामन्याआधी समोरच्याला काही पात्रं घ्यायला बंदी घालता येते, तिला बॅन म्हणतात. एका प्रतिस्पर्धी संघाने पाचही बॅन ‘सपोर्ट’, म्हणजे इतरांना साथ देणाऱ्या पात्रांवर खर्च केले, का तर मुली सपोर्टच खेळतात! रायटने त्या संघाला ताकीद दिली. मुली हरत राहिल्या, आणि जगभरच्या टवाळांना आयता पुरावा मिळाला. त्या मुलींचा दोष नव्हता. त्यांना जाहिरातीसाठी वापरलं गेलं.

आपल्याकडे एक सूर असाही आहे की गेम म्हणजे व्यसनच, मुली वाचल्या तर चांगलंच आहे. पैशांच्या खेळांनी घरं बुडवली हे खरं, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यावर बंदीही आणली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. मान्यता म्हणजे उद्या शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, नोकऱ्या. त्या वाटल्या जातील तेव्हा ‘अर्ज करणाऱ्या मुलीच नव्हत्या’ हे वाक्य मला ऐकायचं नाही.

कंपन्यांकडून थोडीफार हालचाल आहे. ‘व्हॅलोरंट’ने २०२२ पासून आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने २०२३ पासून आवाजी शिवीगाळ यंत्राने ओळखण्याची सुरुवात केली. दोन्हीकडे सुरुवात इंग्रजीपासून. आपल्या लॉबीतली भाषा म्हणजे हिंदीत मराठी, मराठीत भोजपुरी, आणि शिवी तर प्रत्येक जिल्ह्यात निराळी. ते यंत्र इथे येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही, कारण मुंबई-पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांच्या फेस्टमध्ये बीजीएमआय आणि व्हॅलोरंटच्या टुर्नामेंट होतात, आणि तिथले नियम आपले विद्यार्थीच लिहितात.

त्यांनी एक नियम घालून बघावा. सामन्यातलं सगळं बोलणं आयोजकांच्या डिस्कॉर्डवर, आणि ते रेकॉर्ड होणार हे आधी सांगितलेलं. मुलगी म्हणून कोणाला शिवी दिली, नंबर मागितला, की दंड त्या एकट्याला नाही, त्याच्या संपूर्ण स्क्वाडचे गुण कापायचे. एकट्याला बाहेर काढलं तर तो हिरो होतो, दुसऱ्या आयडीने परत येतो. पण त्याच्या तोंडामुळे बाकी तिघांचं बक्षीस जाणार असेल, तर त्याला गप्प बसवायचं काम ते तिघेच करतील, तेही मॉडरेटरपेक्षा पुष्कळ कमी शब्दांत.